दुरुस्तीला गेलेला पंखा

ती. आत्यास,

तुझ्या भुणभुणीचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या जमिनीला टेकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धर, उरलेली सात पूर्ण आदरानं पाठवते आहे.) मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं बाबांनी कळवलं. महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू 'मग मी करू काय?' असं विचारून डॉक्टरांनाच गप्प केलंस, हेही त्यांनीच कळवलं. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज येऊन तुला पेपर वाचून दाखवतात म्हणे. म्हणजे हे पत्रही त्याच वाचणार. काकू, तुम्हालाही नमस्कार. तुमचा घसा चांगला असेल अशी आशा आहे, कारण पत्र लांब आहे आणि मध्येमध्ये तुमच्यासाठी मी काही गोष्टी फोडून सांगणार आहे. आत्याला त्या पाठ आहेत. तेवढा वेळ तिनं डोळे मिटून बसावं, नाहीतरी डॉक्टरांचं म्हणणं तेच आहे. आणि काकू, एक विनंती. माझं पत्र आलं की आत्या आधी शेवटचं पान काढून ता.क. वाचायला सांगते, कारण माझं खरं काम तिथं लपलेलं असतं असा तिचा गैरसमज आहे. या वेळी तिचं ऐकू नका. मला काहीही नको आहे. सहज लिहिते आहे.

तर विशेष बातमी अशी की आमच्या संस्थेच्या इतिहासातलं सगळ्यात स्वच्छ छायाचित्र मी काढलं. त्यात काहीही नाही. साडेआठ तास एक अख्खा उपग्रह माझ्या सांगण्यावरून आकाशातल्या एका जागेकडे टक लावून बसला, आणि त्या जागी बघण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षं मी या साडेआठ तासांची वाट बघत होते. विभागप्रमुखांनी मला लेखी खुलासा मागितला आहे, आणि खुलाशात मी तुझं नाव लिहिणार होते, कारण खरी जबाबदार तूच आहेस. कशी, ते सांगते.

काकू, आकाशात एक कृष्णविवर आहे. त्याच्या शेजारी एक साधासुधा तारा आहे, आणि विवर त्या ताऱ्याचा वायू वर्षानुवर्षं ओढत राहतं. हा वायू लगेच आत पडत नाही. तुंबलेल्या बेसिनमधल्या पाण्यासारखा भोवती गोल गोल साचत राहतो. तीस-चाळीस वर्षं काही म्हणजे काही होत नाही. मग एके दिवशी तुंबलेलं मोकळं होतं, सगळं एकदम आत जायला लागतं आणि जाता जाता इतकं तापतं की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात (हो, हाड मोडल्यावर ज्यांनी फोटो काढतात तेच). याला आम्ही उद्रेक म्हणतो. तो काही आठवडे चालतो आणि मग पुन्हा चाळीस वर्षं सामसूम. आमच्या विभागातल्या दोन-तीन लोकांची काम करण्याची पद्धत अशीच आहे, पण त्यांचं निरीक्षण करायला कुणी उपग्रह सोडत नाही. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून ते बघायला वर जावं लागतं. पूर्वी फुग्याला यंत्र बांधून वर सोडायचे, आता उपग्रह आहेत. आणि हे काम करायला रात्र लागत नाही. मी ताऱ्यांचं काम करते म्हटल्यावर शेजारीपाजारी माझ्या डोळ्यांखालच्या वर्तुळांकडे आदरानं बघतात. प्रत्यक्षात मी दहाला झोपते. वर्तुळं विभागप्रमुखांमुळे आहेत.

आता आत्याची गोष्ट, जी तिनं तुम्हाला सांगितली नसणार, कारण ती ही गोष्ट घराबाहेर काढत नाही. एक्केचाळीस वर्षांपूर्वी आत्या याच संस्थेत नोंदणी सहायक होती. एका दुपारी फुगा वर गेला आणि त्याच्यावरच्या यंत्रानं या विवराकडे बघितलं. वरून येणारे संकेत खाली एका खोलीत कागदाच्या सरकत्या पट्टीवर पेनानं उमटायचे, आणि आत्याचं काम त्या पट्टीवर वेळा घालायचं आणि वहीत उतरवून ठेवायचं. त्या दुपारी पाहुण्याचा उद्रेक झालेला होता. (आमच्या घरात त्याला पाहुणा म्हणतात. यादीतलं त्याचं नाव नऊ अक्षर-आकड्यांचं आहे आणि ते प्रेमानं उच्चारता येत नाही.) पण आत्यानं आणखी एक गोष्ट बघितली. दर आठ सेकंदांनी पेन किंचित वर उचललं जात होतं. एकदा नाही, दोनदा नाही, अडीच तास. म्हणजे आत पडणारा तो वायू आठ-आठ सेकंदांच्या ठेक्यात उजळत होता. असलं काही तोवर तिथल्या कुणी बघितलेलं नव्हतं. ती पट्टी घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी पट्टीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि मग खोलीतल्या कपाटाकडे बघितलं, जिथं एरवी मान हलवणारा टेबल फॅन असायचा. त्यांचा निकाल असा की पंखा इकडून तिकडे मान फिरवतो, दर आठ सेकंदांनी त्याचं वारं पट्टीवर येतं, कागद फडफडतो आणि पेन उचललं जातं. आत्या म्हणाली, पंखा त्या दिवशी दुरुस्तीला गेला होता. साहेब म्हणाले, तुमचा दिवसांचा घोळ होतोय. तेव्हा ही बया दुकानात जाऊन दुरुस्तीची चिठ्ठी घेऊन आली. पण तोवर चार दिवस उलटले होते, अहवाल छापायला गेला होता, आणि वहीतल्या त्या पानावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारून लिहिलं गेलं होतं: 'पंख्याच्या वाऱ्याचा दोष. पान वगळले.' तेव्हापासून आमच्या घरात त्या गृहस्थांचं नाव पंखेसाहेब. पुढच्या वर्षी आत्यानं नोकरी सोडली, ती वही तेवढी घरी घेऊन आली, शाळेत गणित शिकवायला लागली, आणि त्या इमारतीची पायरी पुन्हा चढली नाही. मी तिथं नोकरीला लागले त्या दिवशीसुद्धा ती समोरच्या बसथांब्यावर उभी राहून हात हलवून परत गेली. (काकू, ती आता 'पुढे वाचा' म्हणेल. वाचा.)

तर तुझा अपराध असा, आत्या, की तू मला सहा वर्षांची असल्यापासून वेण्या घालताना पाहुण्याचा आकाशातला पत्ता पाठ करून घेतलास (काकू, आकाशातले पत्ते तास, मिनिटं आणि अंशांत सांगतात). इतर मुलींना पाढे असतात, मला अठरा तास, सात मिनिटं, उणे बारा अंश होतं. एक पेड घट्ट ओढलास की तास, दुसरा ओढलास की मिनिटं. 'तो परत येईल, तेव्हा कुणीतरी घरी असायला हवं' असं तू म्हणायचीस आणि मला वाटायचं खरंच कुणी जेवायला यायचंय. पुढं मी या धंद्यात पडले त्याचं कारण आवड होतं की वेणीचा ताण, हे अजून ठरलेलं नाही. पण नोकरीला लागल्यापासून दर वर्षी मी एकच अर्ज करत आले: पाहुण्याचा उद्रेक झालाच, तर उपग्रहाचे साडेआठ तास मला मिळावेत. दर वर्षी समितीनं शेरे मारले. 'प्रस्ताव चांगला आहे, फक्त काहीतरी घडण्याची गरज आहे.' हा सातव्या वर्षीचा. नवव्या वर्षी एका सद्गृहस्थांनी नुसतं 'पुन्हा?' असं लिहिलं. तरी अर्ज मंजूर होत राहिला, कारण न घडणाऱ्या गोष्टीसाठी वेळ मंजूर करायला कुणाच्या खिशातलं काय जातं.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी सव्वादोनला, पाहुणा आला. त्या वेळी मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून आडवी होते आणि माझा अर्धा जबडा बधिर केलेला होता. अख्ख्या आकाशावर गस्त घालणारा एक दुसरा उपग्रह आहे. कुठं काही भडकलं की तो सगळ्यांना एकदम संदेश पाठवतो, त्यामुळे मला कळलं त्याच क्षणी जगातल्या यच्चयावत लोकांना कळलं. त्यात भर म्हणजे सूर्य सरकत सरकत पाहुण्याच्या अंगणात यायला नऊच दिवस उरले होते. सूर्याच्या आसपास आमचा उपग्रह बघू शकत नाही, डोळे जातात. (तुझ्या डॉक्टरांना हे सांग, त्यांना आवडेल.) सूर्य पलीकडे जाईपर्यंत उद्रेक संपलेला असणार. म्हणजे आता नाही तर आणखी चाळीस वर्षांनी, आणि तेव्हा माझे डोळे, गुडघे आणि दात यांतलं काय शिल्लक असेल सांगता येत नाही. मी खुर्चीतूनच उपग्रहाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला. बधिर ओठांनी कृष्णविवर हा शब्द म्हणून बघ म्हणजे तुला कल्पना येईल. बाई भल्या; त्यांनी दोनदा कोण बोलतंय विचारलं, तिसऱ्यांदा ओळखलं, आणि म्हणाल्या की वीस मिनिटांत जागा लिहून पाठवली तर आज संध्याकाळचीच पाळी मिळेल, नाहीतर सहा दिवसांनी. यादी कचेरीत होती. मी म्हटलं (म्हणजे तसा आवाज काढला) की यादीची गरज नाही, हे आकडे मला झोपेतही येतात. दंतवैद्य हातात कसलासा आकडा घेऊन ताटकळत उभे होते आणि मी फोनवर टाइप करत होते. पाठवण्यापूर्वी बाईंनी विचारलं, आकडे तपासलेत ना? मी मानेनंच हो म्हटलं, फोनवर. मग दंतवैद्य माझ्या वतीनं 'त्या हो म्हणतायत' असं बोलले. म्हणजे या शोधात तेही सहभागी आहेत.

आता काकूंसाठी थोडं. आकाशातल्या जागा आपण पृथ्वीवरून मोजतो, आणि पृथ्वी भोवऱ्यासारखी अगदी सावकाश डुलते. त्यामुळे दर काही दशकांनी सगळ्या आकाशाचे घरक्रमांक नव्यानं घालावे लागतात. घर तिथंच, माणसं तीच, नगरपालिकेनं पाटी बदलली. आत्याच्या वेळी जुन्या पाट्या चालायच्या (वेणीबरोबर मला पाठ झाली ती जुनीच), आता नव्या चालतात, आणि दोन्हींत चंद्राच्या रुंदीच्या सव्वापट फरक पडतो. आमच्या उपग्रहाला एका वेळी चंद्राएवढीही जागा दिसत नाही. म्हणजे मी अकरा वर्षं ज्या पाहुण्याची वाट बघितली तो आला, दारात उभा राहिला, आणि मी आनंदानं शेजारच्यांचं दार उघडून आत रिकाम्या भिंतीला या, बसा म्हणत राहिले, साडेआठ तास.

हे मला कळलं ते सगळ्यांबरोबरच. विभागप्रमुखांचा (आम्ही त्यांना तीनमुद्दे म्हणतो, कारण ते प्रत्येक भाषणात तीन मुद्दे मांडतो म्हणतात आणि दुसऱ्यावरच वेळ संपते) उत्साह दांडगा. त्यांनी सकाळी अकराला सभागृहात सगळा विभाग जमवला, संचालकांना बोलावलं, संस्थेच्या बातमीपत्राचा छायाचित्रकार बोलावला, आणि बैठकीच्या टेबलावर फुलं ठेवली. पडद्यावर चित्र आलं. करडं, सपाट, शांत. एका कोपऱ्यात कपबशीचे डाग पडावेत तशा तीन-चार पुसट कमानी. मग छायाचित्रकारानं हळूच मला विचारलं की कृष्णविवर असंच दिसतं का, कारण त्याच्या अपेक्षेपेक्षा हे बरंच हुबेहूब होतं. संचालक घड्याळाकडे बघून उठले. तीनमुद्दे पहिला मुद्दा मांडायला उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे एकही निघाला नाही. फुलं मात्र त्यांनी आठवणीनं आपल्या खोलीत नेली.

माझे मंजूर तास संपले होते, दुसरे मिळण्याआधी सूर्य अंगणात पोचला, आणि पुढचा आठवडा कसा गेला विचारू नकोस. जेवणाच्या सुट्टीत लोक मला पत्ते विचारायचे. टपालपेटी कुठं आहे, जिना कुठल्या बाजूला आहे, नवीन पाटीप्रमाणे सांगा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे ठीक. पण माझ्या बाबतीत मारुतीही झाला नव्हता, नुसती ओली माती राहिली होती. त्यातच शेजारच्या संस्थेतल्या गटानं पाहुण्याचं चित्र प्रसिद्ध केलं. त्यांनी त्यांचा उपग्रह अगदी बरोबर पत्त्यावर नेला होता (त्यांच्यात कुणाला आत्या नसावी), आणि त्यांच्या चित्रात झगझगीत गोळा आणि मधोमध एक काळंभोर भोक. पेपरांनी ते पहिल्या पानावर छापलं: 'कृष्णविवराचं तोंड दिसलं'. काकू, तुम्हीही बहुतेक आत्याला ते वाचून दाखवलं असेल. ते तोंड नव्हतं. पाहुणा इतका तेजस्वी होता की कॅमेरा भांबावला. एकाच वेळी दहा माणसं बोलायला लागली की बैठकीचा वृत्तांत लिहिणारा पेन खाली ठेवतो, तसा कॅमेऱ्यानं मधला भाग मोजायचाच सोडून दिला आणि तिथं भोक पडलं. म्हणजे त्यांनी यंत्राच्या गोंधळाचं चित्र काढलं आणि हार घालून घेतले. मी आकाशाचं बिनचूक चित्र काढलं आणि खुलासा लिहीत बसले. त्यांच्या हातीही मोजण्यासारखं काही लागलं नव्हतं, एवढंच माझं समाधान, आणि ते फारसं उदात्त नाही हे मला माहीत आहे.

खुलाशाच्या छापील कागदावर एक रकाना आहे: 'चुकीचे प्रमाण'. त्यात 'प्रचंड' लिहिलेलं चालत नाही, आकडा लागतो. तो काढायला मी कोपऱ्यातल्या त्या कमानी पुन्हा उघडल्या. त्या कमानी म्हणजे पाहुण्याचाच प्रकाश. दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतला उजेड यावा तसा तो दुर्बिणीच्या आरशांना तिरका चाटून आत आला होता. कमानींच्या बाकावरून तो किती लांब आहे हे काढता येतं. काढलं, आणि फरक बरोब्बर जुन्या-नव्या पाटीएवढा निघाला. म्हणजे चूक नेमकी कोणती हे सिद्ध करण्यात मी यशस्वी झाले. पण मग माझ्या लक्षात आलं की हा फटीतून आलेला उजेड मंद आहे. कॅमेरा भांबावलेला नाही. एकेक किरण नीट मोजलेला आहे, साडेआठ तास. मी तो वेळेप्रमाणे मांडला. पडद्यावर रेघ उमटली आणि मी तिच्याकडे बघत सवयीनं, वेणी घालून घेताना मोजायचे तशा, तिच्याखालच्या सेकंदांच्या खुणा मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, आणि रेघ वर गेली. पुन्हा आठ, पुन्हा वर. आत्या, मी ती रेघ आधी बघितली होती. तुझ्या वहीत, लाल पेन्सिलीखाली. मी दार लावून घेतलं आणि चांगली रडले. मग तोंड धुऊन आले आणि सगळं गणित तीनदा तपासलं, या वेळी नव्या पाट्या लावून.

शास्त्रज्ञ म्हणून सांगायचं तर असा ठेका उद्रेकागणिक, कधी दिवसागणिकही बदलतो, आणि दोन्ही वेळा आठच सेकंद सापडणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडणं असू शकतं. भाची म्हणून सांगायचं तर कावळा तोच आहे आणि फांदीही तीच.

हे मी विभागाच्या मंगळवारच्या बैठकीत मांडलं. मंगळवारी कोण येतं तुला ठाऊक नसेल. पंखेसाहेब आता आमचे सन्माननीय सल्लागार आहेत. वय एक्क्याऐंशी, तब्येत ठणठणीत, स्वतःची खुर्ची, स्वतःची उशी. त्यांनी माझी रेघ नाकाजवळ नेऊन बघितली, मान डोलावली आणि विचारलं, "यंत्राच्या खोलीत पंखा होता का?" मी नम्रपणे सांगितलं की यंत्र पृथ्वीपासून साडेपाचशे किलोमीटर वर आहे, तिथं खोली नाही, आणि वाराही नाही. ते म्हणाले, तरी एकदा तपासून घ्या. मग म्हणाले की एकट्या निरीक्षणावर, त्यातही चुकून घेतलेल्या निरीक्षणावर, एवढा मोठा दावा उभा राहत नाही. पूर्वीची एखादी नोंद असती तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, आहे, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची, आपल्याच संस्थेतली. त्यावर ते हसले. वगळलेलं पान म्हणजे नोंद नव्हे, म्हणाले. आणि वर म्हणाले, "ती नोंदणीवरची मुलगी ना? हुशार होती. फक्त दिवसांचा घोळ करायची." आत्या, मी तुझ्याकडून पुष्कळ गोष्टी शिकले, पण अशा वेळी पट्टी गुंडाळून निघून जायचं हे काही मला जमलं नाही. मी तिथंच बसून राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की घोळ करायची सवय त्या मुलीला नाही, तिच्या भाचीला आहे, आणि त्याचे कागद विभागाकडे जमा आहेत. तीनमुद्द्यांनी ताबडतोब तीन मुद्दे मांडायला घेतले. दुसऱ्यावर वेळ संपली. पण तेवढ्यात एवढं ठरलं की येत्या एकवीस तारखेला दुपारी तीनला मी हे सगळं संस्थेसमोर मांडायचं, आणि जुनी नोंद का वगळली होती आणि ते वगळणं चूक होतं, हे कागदानिशी दाखवायचं. दाखवता आलं तर ते पान परत नोंदीत घेतील. नाही आलं तर माझी रेघही 'चुकून घेतलेली' म्हणून त्याच्या शेजारी वगळून ठेवतील, म्हणजे घरची दोन पानं एकाच लाल पेन्सिलीखाली.

असो. बाकी सगळं ठीक. दात भरला गेला. गुडघ्याला शेक देते आहे. तू डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, वाकू नकोस, आणि काकूंना मध्येमध्ये पाणी देत जा. सगळ्यांना नमस्कार, लहान-मोठं तुझं तू वाटून दे.

तुझीच,
भुणभुण

ता.क. काकू, आता हे जरा सावकाश वाचा. आत्या, वही पाठव. वही तर पाठवच, पण वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत ती दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती सुटू देऊ नकोस. तू तेव्हा साहेबांशी तारखेवरून भांडलीस आणि त्यांनी तारखेवरूनच तुला उडवून लावलं. पण त्या चिठ्ठीत तारखेखाली आणखी एक रकाना होता, 'तक्रार' म्हणून, आणि त्यात दुकानदारानं काय लिहिलं होतं ते मला वाटतं मला आठवतंय. लहानपणी मी ते मोठ्यानं वाचून हसले होते आणि तू हसली नव्हतीस. पण मला पाठ असलेल्या गोष्टींवर आता संस्थेत कुणी विश्वास ठेवत नाही. मूळ कागदच लागेल.

ता.क. दुसरा. नुसती वही नको, तूही ये. एकवीस तारखेपर्यंत तुझा महिना पूर्ण होतो, मी डॉक्टरांना फोन करून विचारलंय. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घातलं आहे, तुला न विचारता. रागवायचं असेल तर समोर येऊन रागाव. पायऱ्या अकरा आहेत. हवं तर मी बसथांब्यावर घ्यायला येते.

ता.क. तिसरा, आणि हा काकूंनी मनात वाचला तरी चालेल. खुलाशात मी 'घाईमुळे' असं लिहिलंय, ते खोटं आहे. वीस मिनिटं होती, मला चार लागली. दर वर्षी अर्ज भरताना मी नवे आकडे यादीतून बघून उतरवायचे, ते कधी डोक्यात राहिलेच नाहीत. त्या दिवशी यादी समोर नव्हती आणि पत्ता आठवला तो तुझ्या आवाजात आठवला. तो तपासून बघायचा असतो हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ता.क. शेवटचा. तो टेबल फॅन मला सापडला. भांडारात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, बुडाशी संस्थेचा तोच क्रमांक. पुसून चालू केला, वारा अजून चांगला देतो. मान मात्र हलत नाही. भांडाराची नोंदवही काढून बघितली: 'सुटा भाग मिळत नाही, तसाच परत' असा शेरा आहे, आणि चिठ्ठीतली तक्रार बहुतेक तीच असणार, 'मान हलत नाही'. म्हणजे तो त्या दुपारी खोलीत असता तरी एका जागी वारा घालत बसला असता. एकवीस तारखेला तो मी तुझ्या खुर्चीशेजारी टेबलावर ठेवणार आहे, पंखेसाहेबांच्या खुर्चीकडे तोंड करून. मान हलत नसल्यामुळे पूर्ण वेळ तो त्यांच्याकडेच बघेल.